जोर आणि जमाखर्च

मोटार घ्यायची ठरली की मराठी घरात दोन प्रश्न हटकून विचारले जातात. 'पिकअप कसा आहे?' हा पहिला आणि 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा दुसरा. पहिला प्रश्न मुलाचा असतो, दुसरा वडिलांचा. आईचा प्रश्न तिसराच असतो, 'मागे तीन माणसं नीट बसतील का?' त्याचे उत्तर देण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका गाडीत मिळत नाहीत, असाच आपला पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव. जी पळते ती पिते, आणि जी पीत नाही ती घाटात मागच्यांचे शिव्याशाप घेत चढते.

मध्यंतरी दहा-बारा वर्षांचा असा एक काळ येऊन गेला, की बाप आणि मुलगा दोघेही एकाच गाडीवर खूश झाले. अंगाने लहान, चार मीटरच्या आत मावणारी, पोटात मात्र दणकट डिझेल इंजिन असलेली हॅचबॅक, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी न काढलेली गाडी. युरोपात अशा लहान पण तेज गाड्यांना 'हॉट हॅच' म्हणतात. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचे भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले आणि बहुतेक कंपन्यांनी लहान डिझेल गाड्या बनवणे बंद केले. शोरूममधून ही गाडी जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती जुन्या बाजारात. त्यामुळे आज तिशीतला एखादा मुलगा 'बाबा, डिझेल पोलो बघून ठेवलीय' असे म्हणतो, तेव्हा तो सात-आठ किंवा दहा वर्षे वापरलेली वस्तू घरात आणायची गोष्ट करत असतो. ती आणावी का, आणि आणायची तर कोणत्या डोळ्यांनी बघून आणावी, याचा हा हिशेब. आयुष्य बँकेत गेल्यामुळे हिशेबाची सवय जात नाही, आणि कादंबऱ्या लिहिल्यामुळे माणसे हिशेबाने वागत नाहीत हेही ठाऊक असते. जुन्या मोटारीच्या व्यवहारात दोन्ही गोष्टी कामाला येतात.

कायद्याने जन्माला घातलेली गाडी

या गाड्यांचे मूळपुरुष जर्मनीतले. फोक्सवॅगनने १९८२ मध्ये गोल्फ जीटीडी आणली, तेव्हा तिच्या टर्बो डिझेल इंजिनाची ताकद होती अवघी ७० अश्वशक्ती. पण डिझेल म्हणजे टॅक्सी आणि ट्रॅक्टर, ही समजूत तिने मोडायला घेतली. आपल्याकडे १९९८ साली मारुतीने झेनमध्ये प्यूजोचे डिझेल इंजिन घातले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या टाटांची इंडिका आली. इंडिकाने डिझेल घराघरांत नेले, पण तिच्या पिकअपचे कौतुक करायला तिचा मालकही धजावत नसे. जागा आणि अ‍ॅव्हरेज यांवर ती विकली गेली.

चित्र बदलले ते दोन सरकारी निर्णयांमुळे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. अट अशी, की गाडी चार मीटरपेक्षा लांब नको आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सीसी, डिझेलचे असेल तर १५०० सीसीपर्यंत. म्हणजे त्याच लहान अंगात डिझेलला ३०० सीसी जास्त घेण्याची मुभा. वेगवान गाडी बनवावी असा सरकारचा काही हेतू नव्हता. कर वाचवताना कंपन्यांच्या हातून ती बनून गेली.

दुसरा निर्णय इंधनाच्या भावाचा. पेट्रोलचे भाव २०१० च्या जूनमध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारच्या हातात राहिले. या चार वर्षांत दोघांतली दरी वाढतच गेली. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होते. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! मग जो उठला तो डिझेल मागू लागला. शोरूममध्ये पेट्रोल गाडीवर सूट आणि डिझेल गाडीला वेटिंग, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते आठवत असेल.

या भरभराटीचा मोठा भाग आपल्या पुणे जिल्ह्यात घडला, हे मुद्दाम सांगायला हवे. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन शिरूरजवळच्या रांजणगावात तयार होई आणि फियाट पुंटोत, टाटांच्या विस्तात बसे. मारुतीने तेच इंजिन परवान्याने हरियाणात बनवले आणि २००७ च्या जानेवारीत स्विफ्टमध्ये घातले. एकाच इंजिनावर इतक्या कंपन्यांच्या गाड्या चालू लागल्या, की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. पोलो चाकणला तयार होई. म्हणजे ज्या गाडीसाठी मुलगा हट्ट धरतो आहे, ती जर्मन किंवा इटालियन नावाची असली तरी पाणी बहुधा भीमा-इंद्रायणीच्या काठचेच प्यायलेली असते.

जोर येतो कुठून?

मोटारीच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. एक ताकदीचा, अश्वशक्तीत, आणि दुसरा टॉर्कचा, न्यूटन-मीटरमध्ये. घरगुती भाषेत सांगायचे तर टॉर्क म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, ढकलण्याचा जोर. आणि अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती झपाट्याने लावता येतो ते. पेट्रोलचे साधे इंजिन चपळ पोऱ्यासारखे असते. धावाधाव उत्तम करते, पण पोते उचलायला सांगितले की आधी चार पावले मागे जाऊन पळत येते. डिझेल इंजिन माथाडी कामगारासारखे. उठायला क्षणभर वेळ घेते, पण पोते पहिल्याच हिसक्यात खांद्यावर असते.

याचा प्रत्यय खंबाटकीच्या किंवा आंबोलीच्या घाटात येतो. गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, पुढे उसाचा ट्रक. पेट्रोल गाडीत दोन गिअर खाली येऊन इंजिन किंचाळवावे लागते. चांगल्या डिझेल गाडीत इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आसपास असतील तर नुसता पाय दाबला तरी ती ट्रकच्या पुढे निघते. दोन हजारांच्या खाली मात्र टर्बो जागा व्हायचा असतो आणि त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात गाडी काहीच करत नाही. नवख्याने हे ध्यानात घेऊनच ओव्हरटेक करावा.

काटकसरीचे कारणही याच इंजिनात आहे. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन हवा कितीतरी जास्त दाबते आणि त्या दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते, स्पार्क प्लग लागत नाही. जितका दाब जास्त तितका उष्णतेचा उपयोग जास्त. आणि गाडी सावकाश चालते तेव्हा पेट्रोल इंजिनाला हवेची वाट अडवून श्वास कोंडावा लागतो; डिझेलला तसे करावे लागत नाही. म्हणूनच जोरात हाकली तरी डिझेल गाडी पेट्रोलच्या मानाने कमी पिते.

बाजारात काय मिळते?

या जातीची जुन्या बाजारातली मानाची गाडी म्हणजे पोलो जीटी टीडीआय. २०१३ मध्ये ती १.६ लिटरच्या इंजिनासह आली, पुढच्याच वर्षी १.५ लिटरचे आले. ताकद १०५ अश्वशक्ती, पुढे ११० पर्यंत, टॉर्क २५० न्यूटन-मीटर. बांधणी भक्कम, महामार्गावर रस्ता धरून चालते. मागच्या सीटवर गुडघे समोरच्या सीटला टेकतात. आईच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे 'नाही' असे आहे. शिवाय सुटे भाग आणि सर्व्हिसचा खर्च मारुतीच्या सवयीच्या माणसाला चमकवणारा.

दुसरी, २०१५ ची फोर्ड फिगो. १०० अश्वशक्ती आणि २१५ न्यूटन-मीटर; वजनाला हलकी, त्यामुळे पळायला भारी. कंपनीने जाहीर केलेले अ‍ॅव्हरेज लिटरला २५.८३ किलोमीटर. दिसायला साधी म्हणून भाव पोलोपेक्षा कमी येतो, आणि जाणकार तिच्याकडेच वळतात. मात्र फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये भारतातील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा आपल्या गावात तिचे सुटे भाग आणि काम जाणणारा मेकॅनिक आहे का, हे आधी पाहावे.

तिसरी, पुंटोची ९० एचपी आवृत्ती आणि तिचीच टाटा बहीण विस्ता डी९०. पुंटोचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांवर जीव टाकणारे लोक अजून आहेत. पण फियाटनेही आपल्याकडचा मुक्काम हलवला, म्हणून ही हौशी माणसाची गाडी. चौथी, ह्युंदाई आय२०, जुनीत १.४ लिटरचे ९० अश्वशक्तीचे इंजिन, २०२० नंतरच्या नवीत १.५ लिटरचे १०० अश्वशक्तीचे, तेही २०२३ मध्ये बंद झाले. पाचवी स्विफ्ट. ७५ अश्वशक्ती म्हणजे 'हॉट' म्हणवून घ्यायला कमीच, पण २०१८ च्या स्विफ्टचे जाहीर अ‍ॅव्हरेज २८.४ होते आणि तिचा मेकॅनिक वाडीवस्तीवरही सापडतो. भारत स्टेज सहाची डिझेल हवी असेल तर टाटांची अल्ट्रोझ. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या तिच्या सुधारित रूपातही कंपनीने डिझेल ठेवले होते.

वहीतला हिशेब

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. २०२४ मध्ये मुंबईतले भाव याच्या आसपास होते. पेट्रोलची गाडी प्रत्यक्षात १५ किलोमीटर देते असे समजा, डिझेलची २०. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे, डिझेलचा साडेचार रुपये. फरक २ रुपये ४३ पैशांचा.

आता हा फरक दोन माणसांना लावून पाहा. एक प्राध्यापक महिन्याला ५०० किलोमीटर चालवतात. त्यांचे वर्षाला वाचतात १४ हजार ५८० रुपये. दुसरे औषध कंपनीचे प्रतिनिधी, महिन्याला १५०० किलोमीटर. त्यांचे वाचतात ४३ हजार ७४०. त्याच वयाच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल गाडीला एक लाख रुपये जास्त मोजावे लागले, तर प्रतिनिधींचे पैसे सव्वादोन-अडीच वर्षांत सुटतात आणि प्राध्यापकांचे सात वर्षांत. सात वर्षांत त्या गाडीचे काय झालेले असेल? २०१६ साली नोंदलेल्या गाडीची पहिली पंधरा वर्षे २०३१ मध्ये भरतात. मग फेरनोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. फेरनोंदणीची फीच २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीला ६०० वरून ५ हजार रुपये झाली.

शिवाय डिझेल गाडीचे काही खर्च एकदम येतात. चारही इंजेक्टर आणि टर्बो एकाच वेळी बदलायची पाळी आली, तर बिल लाखाच्या दिशेने निघते आणि प्राध्यापकांची कित्येक वर्षांची बचत एका दुपारी संपते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ पासून पेट्रोलमध्ये सर्वत्र २० टक्के इथेनॉल येते आणि त्याने पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज थोडे घटते. आणि ज्याला जोर हवाच आहे त्याने तुलना साध्या पेट्रोल गाडीशी न करता टर्बो पेट्रोलशी करावी. ती जोरात हाकली की शहरात दहा-बाराच्या पुढे जात नाही. तिथे डिझेलची बाजू भक्कम होते. नुसती काटकसर हवी असेल तर मात्र सीएनजीची साधी गाडी घ्यावी आणि ओव्हरटेकचा विचार सोडून द्यावा.

माझ्या मते वर्षाला बारा हजार किलोमीटरांपेक्षा कमी चालवणाऱ्याने काटकसरीचे कारण सांगून जुनी डिझेल गाडी घेऊ नये. हौस म्हणून घ्यावी आणि तसे घरात मोकळेपणाने सांगावे. हौसेला मोल असते. त्याला बचतीचा मुलामा देऊ नये.

गाडी बघायला जाताना

जुनी गाडी बघायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असे मालकाला बजावून जावे. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवावा. कोमट लागले तर कारण विचारावे. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झाले पाहिजे. पहिल्या क्षणी जरासा धूर चालतो. पण पांढरा धूर रेंगाळला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनची शंका, निळसर असेल तर इंजिन ऑइल खाते आहे, आणि पाय दाबल्यावर काळा लोट निघाला तर इंधन नीट जळत नाही. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहावे. तिथून भकाभक वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत. मग मालक कितीही गोड बोलला तरी नमस्कार करून निघावे.

या इंजिनांत इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो, त्यामुळे भेसळीचे डिझेल आणि फिल्टरमधले पाणी यांचे त्यांना वावडे. फिल्टर कधी बदलला, कुठे बदलला, हे बिलावर पाहावे. पोलो आणि फिगोत टायमिंग बेल्ट आहे. तो ठरावीक अंतराला बदलावाच लागतो. धावत्या गाडीत तुटला तर इंजिनाचे आतले काम काढावे लागते. मल्टिजेटमध्ये साखळी आहे, पण तीही ढिली पडते आणि थंड इंजिनात खुळखुळते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढावर हळू नेऊन एकदम पाय दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडी वाढली नाही तर क्लच संपला. टर्बोची बारीक शीळ चालते, सायरन चालत नाही. भारत स्टेज सहाच्या गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी रोज शाळा-बाजार एवढीच फिरली असेल तर ती तुंबते. तिला अधूनमधून महामार्गावरची लांब धाव लागते.

तेज गाडीच्या बाबतीत आणखी एक शंका मनात ठेवावी. पहिल्या मालकाला कंपनीने दिलेला जोर पुरला होता का? इंजिनाचा संगणक 'रीमॅप' करून किंवा वेगळा डबा जोडून जोर वाढवण्याची हौस अनेकांना असते. विकताना डबा काढून घेतात, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्सने सोसलेले कुठे जात नाही. टायर पाहावेत: बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात आखडता होता, आणि तो काही टायरपुरताच आखडत नाही. मीटरवर साठ हजार आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, असे दिसले तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास गाडीच्या नंबरावरून काढून मागावा.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली होते. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठल्या कुठे विकल्या गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का ते पाहावे. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालावा. काचा बंद करून दोन मिनिटे नुसते बसावे. ओलसर कुबट वास अत्तराच्या बाटलीने झाकला तरी लपत नाही.

कागद आधी, किल्ली नंतर

आता माझ्या प्रांतात येतो. एका शाखेत असताना सकाळी सकाळी एक इलेक्ट्रिशियन तरुण समोर येऊन उभा राहिला होता. त्याने जुनी गाडी स्टॅम्प पेपरवर लिहून रोख पैशांनी घेतली होती. आरसी बुक 'आठ दिवसांत देतो' या बोलीवर. मूळ मालकाने कर्जाचे हप्ते थकवले होते, आणि नोटिसांची मुदत संपल्यावर बँकेने गाडी ताब्यात घेतली. कायद्याने बँकेची बाजू बरोबर होती. त्या मुलाने दोन वर्षे खांबांवर चढून साठवलेले पैसे गेले. 'माझं काय चुकलं?' असे त्याने विचारले तेव्हा उत्तर माझ्या टेबलावरच होते. आरसीवर कर्जाची नोंद स्पष्ट होती. त्याला ती कोणी दाखवली नव्हती, आणि बघायची असते हेही कोणी सांगितले नव्हते.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आरसीवर कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, म्हणजे हायपोथिकेशन, असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ आधी. त्यावर समाधान न मानता आरटीओत ती नोंद उतरवून घ्यावी, मगच पूर्ण रक्कम. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या जिल्ह्याची किंवा राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून नोंदणी, विमा आणि थकलेली ई-चलने पाहावीत. चलने मागच्या मालकाची असली तरी अडते आपलेच काम.

हे विकणाऱ्यानेही वाचावे. गाडी दिली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्याचे नावही चौदा दिवसांत बदलून घ्यावे. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त का, हेही समजून घ्यावे. तिथे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे २०२५ मध्ये त्या कारवाईला न्यायालयाने काहीसा लगाम घातला, पण तोवर भीतीने विकलेल्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत पोचल्या होत्या. तशी गाडी घेताना महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो, आणि तो डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. तो धरला की स्वस्ताई बरीचशी वितळते.

कर्ज काढायचे तर एकच शब्द पकडून ठेवावा, 'फ्लॅट'. तीन लाखांचे कर्ज, तीन वर्षे, ९ टक्के फ्लॅट, असे विक्रेता सांगतो. व्याज ८१ हजार, हप्ता १० हजार ५८३. ऐकायला बरे वाटते. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या तीन लाखांवरच लावलेले असते. घटत्या शिल्लकेवर मोजले तर हा दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो.

धूर आणि किल्ली

शेवटी दोन गोष्टी, ज्या कुठल्याच वहीत मांडता येत नाहीत. पहिली धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला. २०१५ मध्ये फोक्सवॅगनची धूरचाचणी चुकवणारी प्रणाली उघडकीस आली. पुण्याच्या एआरएआयने तपासणी केली आणि भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. जुनी पोलो टीडीआय घेणाऱ्याने ती दुरुस्ती झाली का हे विचारलेच पाहिजे. आपल्या गाडीचा धूर आपल्याला दिसत नाही, तो मागच्या स्कूटरवर आईच्या पाठीशी बसलेल्या मुलाच्या नाकात जातो. गाडी नीट राखणे हे त्या मुलाचे आपल्यावरचे देणे आहे. पीयूसीचा कागद न तपासता विकत घेणाऱ्याला हे देणे चुकवल्याचे कळतही नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. पुढची एअरबॅग चालकासाठी सक्तीची झाली २०१९ च्या जुलैमध्ये. एबीएस ब्रेकही त्याच वर्षी सर्व नव्या मोटारींना आले. म्हणजे त्याआधीच्या कितीतरी गाड्या जोर घेऊन आल्या, पण त्यांच्या खालच्या आवृत्त्यांत ना एबीएस, ना एअरबॅग. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्या आदळून पाहिल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. गाडी तीच, पत्रा तोच. तेव्हा जुन्या बाजारात आवृत्ती बघून घ्यावी. अलॉय चाके आणि मागचा स्पॉयलर यांपेक्षा एअरबॅग आणि एबीएस यांना जास्त पैसे मोजावेत, आणि ताब्यात आल्यावर पहिला खर्च टायर आणि ब्रेकवर करावा. म्युझिक सिस्टिम दिवाळीला घेता येते.

ज्याची रोजची धाव मोठी आहे, ज्याच्या गावात त्या इंजिनाचा जाणता मेकॅनिक आहे, आणि ज्याच्याजवळ गाडीच्या किमतीखेरीज निदान पन्नास हजार रुपये बाजूला ठेवलेले आहेत, त्याने ही गाडी जरूर घ्यावी. आता अशा गाड्या पुन्हा होणार नाहीत. घाटात ट्रकच्या मागून सहज सुटल्यावर येणारे ते हलके हसू, आणि पंपावर मीटर लवकर थांबल्यावर येणारे दुसरे, हे दोन्ही एकाच गाडीत मिळणे ही थोडक्या वर्षांची चैन होती. ती घ्यायची तर बापाने आणि मुलाने दोघांनी मिळून गाडी बघायला जावे. मुलाने ती चालवून पाहावी, बापाने कागद वाचावेत. आणि आईला मागच्या सीटवर बसवून दहा किलोमीटर फिरवून आणावे; पिकअप आणि अ‍ॅव्हरेज यांच्या गडबडीत न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते.